पानं वितळली म्हणून झाड उपटू नका: नव्या फिशटँकमधल्या झाडांचे पहिले दोन महिने

दहाव्या दिवशी संध्याकाळी टाकीत हात घालून क्रिप्टचं, म्हणजे क्रिप्टोकोरिन या पाणझाडाचं, एक पान जरा सरळ करायला गेलो, तर ते देठासकट हातात आलं. काचेसारखं पारदर्शक झालेलं, कडा विरलेल्या, आणि बोटांत धरलं तर फतफत्यातल्या जास्त शिजलेल्या अळूसारखं गिळगिळीत. दुसऱ्या दिवशी आणखी चार पानं तशीच. तिसऱ्या दिवशी मी सगळी झाडं रोगट समजून उपटली, कचऱ्यात टाकली आणि दुकानदाराच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडली. महिन्याभराने वाळू साफ करताना मागच्या कोपऱ्यात बोटभर उंचीचं क्रिप्ट उभं दिसलं. उपटताना तुटून राहिलेल्या मुळाच्या गड्ड्यातून आलेलं. त्याच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, म्हणून ते जगलं होतं.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून नव्या टाकीत झाडं लावणाऱ्याला मी पहिल्यांदा एवढंच सांगतो: जुन्या पानांकडे बघू नका, नवं पान येतंय का ते बघा. पुढे जे लिहिलंय ते दोन फुटी टाकी धरून लिहिलंय. २४ बाय १२ बाय १५ इंचांची, म्हणजे काठोकाठ ७० लिटरची, वाळू-दगड घातल्यावर प्रत्यक्षात साधारण ६० लिटर पाण्याची. सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर नाही, महागडी परदेशी माती नाही.

पान का वितळतं

बाजारात मिळणारी बहुतेक झाडं पाण्याखाली वाढलेलीच नसतात. रोपवाटिकेत त्यांची मुळं ओल्यात आणि पानं दमट हवेत असतात. तशी ती लवकर वाढतात, शेवाळ धरत नाहीत आणि प्रवासातही टिकतात. हवेतल्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, पाणी उडून जाऊ नये म्हणून. हे पान पाण्यात बुडवलं की तोच थर आड येतो. शिवाय वायू हवेत जितक्या वेगाने पसरतात त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यात पसरतात. म्हणजे झाडाला कार्बन डायऑक्साइड मिळेनासा होतो. मग झाड शहाणपणा करतं: निरुपयोगी झालेल्या पानांतलं जे काढून घेता येईल ते काढून घेतं, पानं सोडून देतं, आणि मुळात-खोडात साठवलेल्या पिठावर पाण्याखालची नवी, पातळ, मऊ पानं काढतं.

या काळात गड्डा टणक आहे ना, एवढंच तपासा. क्रिप्टची मान, म्हणजे मुळं आणि देठ जिथे मिळतात तो भाग, दोन बोटांत हलकेच दाबून बघा. टणक लागली तर झाड जिवंत आहे, पान एकही नसलं तरी. मऊ लागली आणि नासक्या अंड्यासारखा वास आला तर गेलं.

वितळलेली पानं मात्र टाकीत कुजू देऊ नका. ती सडली की अमोनिया सुटतो आणि त्यावर शेवाळ पोसलं जातं. छोट्या कात्रीने देठाशी कापा आणि बाहेर काढा. ओढू नका, ओढलं की झाड मुळासकट वर येतं आणि दहा दिवसांत धरलेली मुळं तुटतात.

आधी पाणी ओळखा

मुंबईचं भातसा-वैतरणा-तानसाचं आणि पुण्याचं खडकवासल्याचं पाणी मऊ आहे. बहुतेक झाडांना ते मानवतं. बोअरचं पाणी बसाल्टच्या खडकातून आलेलं, जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं. आणि टँकरचं पाणी? कुठल्या विहिरीवर भरलाय यावर. घरी आरओची सर्व्हिस करायला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस मीटर असतो, त्याच्याकडून नळाचं पाणी मोजून घ्या. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार; तो नेमका जडपणा नव्हे, पण अंदाज येतो. धरणाचं पाणी बहुधा दीडशेच्या आत भरतं, बोअरचं पाचशे-सातशे सहज. तीनशेच्या वर असेल तर आरओचं पाणी निम्मं मिसळा. नुसत्या आरओवर झाडं लावू नका, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं आणि नवी पानं वाकडी, पांढुरकी येतात. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी तर मुळीच नको, सगळे क्षार त्यातच असतात.

क्लोरीन जायला बादली उघडी ठेवून २४ तास पुरतात, आत एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, सोडला तर त्याच्याही आधी. घाई असेल तर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणाऱ्या द्रवात बहुधा तेच असतं. एक गोष्ट अनुभवाने सांगतो. सोसायटीची वरची टाकी ज्या दिवशी धुतात त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस पाणी बदलू नका. साफसफाई करणारी माणसं ब्लीचिंग पावडर मुठीने टाकतात, मोजून नाही. पावसाळ्याच्या पहिल्या गढूळ आठवड्यातही नळाला क्लोरीनचा वास जास्त असतो, तेव्हा हात आखडता घ्या.

तळ: वाळू, माती, आणि जांभ्याचं एक जुनं काम

सर्वांत स्वस्त आणि भरवशाची म्हणजे नदीची जाड वाळू, दोन मिलिमीटरच्या आसपासची. बांधकामाची चालते, पण धुवायची तयारी हवी. बादलीत हात घालून पाणी फिरवा, ओता, पुन्हा भरा. पंधरा-वीस वेळा, वरचं पाणी नितळ होईपर्यंत. धुण्याआधी मूठभर वाळूवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुना किंवा शिंपले आहेत, ती पाणी जड करत राहणार. समुद्रावरची वाळू म्हणूनच नको. दोन फुटी टाकीत सहा सेंटिमीटरचा थर म्हणजे अकरा लिटर, वजनाने १६-१७ किलो. पुढे चार सेंटिमीटर आणि मागे आठ असा उतार दिला तर टाकी खोल वाटते आणि मागच्या उंच झाडांना मुळं पसरायला जागाही मिळते.

नुसत्या वाळूत खाद्य नसतं. यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा: मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या, म्हणजे रूट टॅब. क्रिप्ट आणि व्हॅलिस्नेरिया (लांब पट्टीसारख्या पानांचं झाड) यांच्याजवळ वीतभर अंतरावर एकेक, चिमट्याने तळाला टेकेपर्यंत खोल. दुसरा उपाय वाळूखाली मातीचा थर. इथे मात्र चुकीला जागा कमी.

आपली काळी माती नको. ती पाण्यात फुगते, गाळासारखी होते, तिच्यात चुनखडही असते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती लोखंडाने भरलेली असते. लॅटराइट म्हणून हीच जात एकेकाळी युरोपातले शौकीन वाळूखाली घालायला विकत घेत असत. मी दापोलीहून आणलेली माती चाळून, दोनदा भिजवून-वाळवून वापरतो: तीन भाग ती माती, एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत. थर फक्त दोन सेंटिमीटर, त्यावर पाच सेंटिमीटर वाळू. शेणखत, ताजं कंपोस्ट, निंबोळी पेंड यांतलं काहीही पाण्याखाली जाता कामा नये. एकदा मी गांडूळखत चार बोटं जाड घातलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी चहासारखं आणि अमोनियाचं टेस्ट किट गडद हिरवं. ती टाकी पूर्ण रिकामी करावी लागली.

पहिल्यांदाच करणार असाल तर नुसती वाळू आणि रूट टॅब. मातीचा मोह दुसऱ्या टाकीसाठी ठेवा.

कोणती झाडं घ्यायची

नव्या टाकीत झाडं थोडी लावून "आधी ही जगतात का बघू" असं म्हणणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. रिकामी जमीन, भरपूर उजेड आणि वापरलं न जाणारं खाद्य, म्हणजे शेवाळाला आमंत्रण. वरून पाहिलं तर पहिल्याच दिवशी तळाचा साठ-सत्तर टक्के भाग झाकला गेला पाहिजे. महाग झाडं दोन घ्या, स्वस्त आणि झपाट्याने वाढणारी दहा जुड्या घ्या.

दोन फुटी टाकीसाठी माझी यादी अशी असते. मागे हायग्रोफिला पॉलिस्पर्माच्या पंधरा-वीस काड्या आणि एका बाजूला व्हॅलिस्नेरियाची बारा रोपं. मध्ये क्रिप्टोकोरिन वेंडटीच्या पाच-सहा कुंड्या. लाकडाला बांधलेलं एक अ‍ॅन्युबियस, एक जावा फर्न. आणि पाण्यावर तरंगती मूठभर हॉर्नवर्ट किंवा साल्व्हिनिया. ही तरंगती झाडं म्हणजे नव्या टाकीचा विमा. साल्व्हिनियाला तर सीओटूची चिंताच नाही, कारण तिची पानं हवेतच असतात. दोन्ही झाडं अमोनिया आणि नायट्रेट भराभर ओढून घेतात आणि खालच्यांवर सावली धरतात. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा झाकला की मात्र जास्तीची काढत चला.

दुकानात फसगत होते ती पाण्यात न जगणाऱ्या झाडांची. लकी बांबू, सिंगोनियम, फिटोनिया, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस ही सगळी कुंडीतली झाडं. "दादा, याला काही लागत नाही, नुसतं पाण्यात टाका," असं सांगून ती विकली जातात. महिनाभर ती खरंच हिरवी दिसतात, कारण त्यांचं मरण सावकाश असतं. साधी ओळख: पाण्यातून बाहेर काढल्यावर जे झाड आपल्या काठीवर ताठ उभं राहतं, त्याच्याबद्दल शंका घ्या. पण हवेत वाढवलेला हायग्रोफिलाही ताठच असतो, म्हणून ही कसोटी एकटी पुरेशी नाही. नाव विचारा, फोनवर शोधा, मग पैसे द्या.

नर्सरीतून आणता येईल असं एक झाड म्हणजे ब्राह्मी, बाकोपा मोनिएरी. पाण्याखाली ती छान वाढते. फक्त नर्सरीत ब्राह्मी मागितली की अनेकदा मंडूकपर्णी हातात पडते. गोल, दातेरी कडेचं पान असेल ती मंडूकपर्णी. छोटी, जाडसर, चमच्याच्या आकाराची पानं समोरासमोर असतील ती आपली.

आणि सह्याद्रीतून झाडं उचलून आणू नका. कोकण-गोव्याच्या ओढ्यांकाठी क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस आपसूक उगवतं, आणि साताऱ्याच्या कासच्या सड्यांवर वायतुऱ्याची एक जात आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, तिचं नावच साताऱ्यावरून पडलं. ती फार थोड्या सड्यांवर उरली आहे. पावसाळ्यातल्या उथळ, थंड डबक्यात वाढणारं ते झाड आपल्या दिवाणखान्यात तसंही जगत नाही.

लावण्याचा दिवस

घरी आणल्यावर पिशवीतून थेट टाकीत नको. आधी शिशाची पट्टी, रबर, कुंडीतला लोकरीसारखा कापूस सगळं सोडवा. हा कापूस मुळांत घट्ट गुंतलेला असतो; पाण्याच्या भांड्यात धरून चिमट्याने थोडा थोडा काढा, दहा मिनिटं लागतात, लागू द्या. गोगलगायींची अंडी नको असतील तर एक लिटर पाण्यात चमचाभर तुरटी विरघळवून दोन-तीन तास झाडं बुडवा आणि मग स्वच्छ पाण्यात दोनदा खंगाळा. खरं सांगायचं तर मला त्या छोट्या गोगलगायींचं काही वाटत नाही. कुजकं पान खातात, काच पुसतात. त्या फार वाढल्या तर समजायचं की माशांना खाद्य जास्त पडतंय.

टिश्यू कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेल्या रोपांचा, डबा घेतला असेल तर मुळाशी असलेली जेली नळाखाली पूर्ण धुऊन टाका, राहिली तर बुरशी धरते. ही रोपं नाजूक, पण गोगलगायी आणि शेवाळापासून मुक्त.

टाकीत पाणी पूर्ण भरून मग झाडं लावायला जाऊ नका. वाळूच्या वर दोन बोटं पाणी ठेवा, हातात स्प्रेची बाटली घ्या, आणि दर पाच मिनिटांनी पानांवर फवारत राहा. घरात पंखा चालू असेल तर बंद करा. मॉससारखी पानं दहा मिनिटांत कोरडी पडतात.

हायग्रोफिला, रोटाला, बाकोपा यांसारख्या काडीच्या झाडांची जुडी सोडून एकेक काडी वेगळी लावायची. जुडी तशीच खोचली की आतल्या काड्यांना उजेड आणि पाणी लागत नाही, आठवड्यात त्या तळापासून काळ्या पडतात. खालची दोन पेरं पानं काढून मोकळी करा आणि ती पेरं वाळूत तिरकी जातील अशी लांब चिमट्याने खोचा. चिमटा बाहेर काढताना सरळ वर ओढला तर काडीही येते. आधी चिमटा किंचित सैल करायचा, वाळूतच थोडा हलवायचा, मग तिरका काढायचा. दोन काड्यांत बोटभर अंतर.

क्रिप्टची लांब मुळं दोन इंचांवर कापली तर लावायला सोपं जातं आणि नवी मुळं लवकर फुटतात. व्हॅलिस्नेरियाची पांढरी मान वाळूच्या वर राहिली पाहिजे. ती गाडली की सडते. अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्न यांचं तर खोडच वाळूत जाता कामा नये. आडवं, हिरवं, आल्यासारखं दिसणारं ते खोड लाकडाला किंवा दगडाला काळ्या दोऱ्याने बांधा, नाहीतर फेविक्विकचा एक थेंब टाकून वीस सेकंद दाबून धरा. पाण्यात ते लगेच घट्ट होतं आणि झाडाला त्रास होत नाही. मी पाहिलेल्या मेलेल्या अ‍ॅन्युबियसांपैकी दहातले नऊ वाळूत गाडून मेलेले होते.

पाणी भरताना वाळूवर एक ताटली ठेवा आणि धार तिच्यावर सोडा.

दिवा: जास्त नको

नवी टाकी लावणारा माणूस पहिले पंधरा दिवस दिवा बंदच करत नाही. पाहुणे येतात, मुलं बसतात, आपणही रात्री अकरापर्यंत बघत राहतो. पण झाडांना अजून मुळं नाहीत, पानं वितळतायत, त्यांची भूक मेलेली आहे. तो सगळा उजेड शेवाळ खातं.

पहिले तीन आठवडे रोज सहा तास. चौथ्या आठवड्यापासून सात. नवी पानं दिसू लागली आणि काच स्वच्छ राहत असेल तर सहाव्या आठवड्यानंतर आठ. याहून जास्त कधीच नाही. स्वस्तातला एक टायमर घ्या आणि स्वतःला त्या कामातून मोकळं करा; आपण विसरतो, टायमर विसरत नाही. संध्याकाळी घरी असाल तर चार ते दहा अशी वेळ लावा, बघायलाही मिळतं.

दोन फुटी टाकीला सीओटूशिवाय १२ ते १८ वॅटचा एलईडी पुरतो, ६५०० केल्विनचा, म्हणजे पाकिटावर 'कूल डे लाइट' लिहिलेला. घरातली दोन फुटी एलईडी पट्टीही चालते. फक्त टाकीवर काच ठेवा, पाण्याचे शिंतोडे आणि वीज यांची गाठ नको. खिडकीतलं थेट ऊन पडणाऱ्या जागी टाकी ठेवली असेल तर बाकीचं सगळं बरोबर करूनही पाणी हिरवं होईल. भरल्यावर तिचं वजन नव्वद-शंभर किलो होतं, म्हणून जागा आधीच ठरवा.

पहिले सहा आठवडे

माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि सडक्या पानांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. ही जिवाणूंची वसाहत फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. भरपूर झाडं असली तर ती स्वतःच अमोनिया ओढून घेतात, नायट्रेटच्याही आधी तोच उचलतात, म्हणून घनदाट लावलेल्या टाकीत हा काळ सुसह्य होतो. संपत नाही.

पहिल्या आठवड्यात मासे नाहीत, खत नाही. दिवसाआड तीस टक्के पाणी बदला, म्हणजे आपल्या टाकीला साधारण एक मोठी बादली. वर तरंगलेल्या काड्या पुन्हा खोचा, वितळलेली पानं कापा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आठवड्यातून दोनदा पाणी. याच सुमाराला काचेवर आणि पानांवर तपकिरी, बोटाने पुसली जाणारी भुकटी दिसायला लागेल. घाबरू नका, त्याबद्दल पुढे बोलतो. हायग्रोफिलाच्या शेंड्याला फिकट हिरवी, पातळ पानं आली की समजा पाण्याखालची पानं आली. क्रिप्टच्या मानेतून सुईसारखी गुंडाळलेली पहिली पालवी मला सहसा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसते.

मासे तेव्हा सोडा जेव्हा अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग तीन-चार दिवस शून्य दिसतील. टेस्ट किट थेंबांचं घ्या, पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. बोअरचं पाणी असेल तर अमोनियाची जास्त काळजी घ्या. २५ अंशाला सामू (पीएच) ७ असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. तेवढाच अमोनिया मऊ पाण्यात मासा सोसतो आणि जड पाण्यात मरतो. सुरुवात पाच-सहा गप्पींनी करा. गोल्डफिश नकोच, तो झाडांना कोशिंबीर समजतो.

आणि झाडं हलवू नका. हे इथे वाचायला सोपं आहे. एखादी काडी दोन इंच डावीकडे हवी होती असं तुम्हाला रोज वाटेल. प्रत्येक उपटणं म्हणजे त्या झाडाचा पहिला दिवस पुन्हा.

खत: कृषी सेवा केंद्रातली काटकसर

वाढ दिसायला लागेपर्यंत पाण्यात खत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर, नवी पानं आल्यावर, सुरुवात. बाटलीतली तयार खतं चालतात, पण त्यांत बहुतेक पाणीच असतं. शेतीच्या दुकानात किलोच्या पुड्यात मिळणारी विद्राव्य खतं तीच कामं करतात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, शिवाय मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड लोह, ईडीटीए १२ टक्क्यांचं. दुकानदार १९:१९:१९ किंवा १२:६१:० गळ्यात मारायला बघेल. ती टाकीत नकोत: पहिल्यात युरिया आणि अमोनियम आहे, दुसऱ्यात अमोनियम. टोमॅटोला चांगली, माशाला विष.

चार बाटल्या घ्या, प्रत्येकीत अर्धा लिटर आरओचं पाणी. पहिलीत ५० ग्रॅम १३:०:४५, दुसरीत ५ ग्रॅम ०:५२:३४, तिसरीत ५० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, चौथीत ५ ग्रॅम लोह. मोठ्या अक्षरांत नावं लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. ६० लिटर पाण्याला प्रत्येकीतलं ५ मिली आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर. त्यातून साधारण लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट, अर्धा मिलिग्रॅमच्या थोडं वर फॉस्फेट, पाऊण मिलिग्रॅमच्या वर मॅग्नेशियम आणि ०.१ मिलिग्रॅम लोह मिळतं. लोह मात्र फॉस्फेटच्या दिवशी देऊ नका, दुसऱ्या एखाद्या दिवशी द्या. पहिले दोन आठवडे याच्या निम्मंच द्या. मासे वाढले की नायट्रेट त्यांच्याकडूनच मिळतं, मग पहिली बाटली कमी करा.

काय कमी पडतंय हे पान सांगतं, फक्त कुठलं पान ते बघायचं. नायट्रोजन, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांची चणचण झाली की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी बिघडतात. खालची पानं सरसकट पिवळी पडली तर नायट्रोजन. जुन्या पानांवर टाचणीने पाडल्यासारखी भोकं आणि भोवती पिवळी कड असेल तर पोटॅशियम. लोह आणि कॅल्शियम झाडाला असं हलवता येत नाही, म्हणून शेंडा बिघडतो: शेंडा पांढुरका आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह, नवी पानं चुरगळलेली आली तर कॅल्शियम. मऊ पाण्यात कॅल्शियमसाठी मी फिल्टरमध्ये मलमलच्या पुरचुंडीत दोन चमचे शिंपल्यांचा चुरा ठेवतो. बिघडलेलं पान मात्र दुरुस्त होत नाही. खत दिल्यावर दोन आठवड्यांनी येणाऱ्या पानावरून निकाल लावा.

शेवाळ येणारच

दुसऱ्या आठवड्यातली तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. जवळजवळ प्रत्येक नव्या टाकीत ती येते आणि महिना-दीड महिन्यात आपोआप जाते. पाणी बदलताना बोटाने किंवा मऊ ब्रशने पुसा, बाकी काही करू नका. हिरवे केसांसारखे धागे आले तर दात घासायचा जुना ब्रश आत घालून शेवयांसारखे गुंडाळून काढा आणि दिवा एक तास कमी करा. वाळूवर किंवा पानांवर निळसर-हिरवी, बुळबुळीत चादर पसरली आणि मातकट वास आला तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया आहेत. चादर सायफनने, म्हणजे पाणी खाली ओढणाऱ्या नळीने, ओढून काढा, पाण्याचा प्रवाह त्या कोपऱ्यात वळवा, आणि टाकी तीन दिवस चादर गुंडाळून पूर्ण अंधारात ठेवा. अंधारानंतर निम्मं पाणी बदला. झाडांना तीन दिवसांचा अंधार सोसतो.

अ‍ॅन्युबियसच्या पानांच्या कडांना काळी, दाढीसारखी झुलपं येतात, ती सर्वांत चिवट. ती आलेली पानं कापूनच टाकावीत. कारण बहुधा सीओटूची चढउतार. साखर-यीस्टची बाटली लावून सीओटू देणाऱ्यांकडे हे फार दिसतं: पहिल्या आठवड्यात धो धो बुडबुडे, तिसऱ्यात काही नाही. असा अर्धवट सीओटू देण्यापेक्षा न दिलेला बरा. 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळणाऱ्या बाटलीत बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं, त्याने शेवाळ मरतं, पण व्हॅलिस्नेरियाही वितळतो.

उन्हाळा, वीज आणि गणपती

एप्रिल-मे मध्ये टाकीचं पाणी ३२ अंशांवर गेलं की वाढ थांबते आणि क्रिप्ट पुन्हा पानं टाकतं. वरची काच थोडी सरकवून एक छोटा पंखा पृष्ठभागावर तिरका लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घाला, नळाचं घातलं तर क्षार साठत जातात. जमत असेल तर नवी टाकी मार्चमध्ये लावूच नका, जून किंवा नोव्हेंबर चांगला.

वीज चार-पाच तास गेली तर झाडांना काही होत नाही, फिल्टरमधल्या जिवाणूंना होतं. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, असेल तर वीज आल्यावर आधी त्यातलं साचलेलं पाणी बादलीत सोडा, मग टाकीला जोडा. बॅटरीवरचा एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर घरात असावा.

गणपतीला आठवडाभर गावी जायचं असेल तर टायमर पाच तासांवर आणा, निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला आणि माशांना खाद्य घालायला शेजाऱ्यांच्या मुलाला सांगू नका. पूर्ण वाढलेले मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजारच्या मुलाने प्रेमाने घातलेली अर्धी डबी टाकीला सोसत नाही.

पहिली छाटणी

सहाव्या-सातव्या आठवड्यात हायग्रोफिला पृष्ठभागाला टेकेल. तो मधोमध कापा. वरचे शेंडे पाण्याखाली वाढलेले आहेत, ते खालच्या जुन्या बुडख्यांपेक्षा चांगले. बुडखे काढून टाका आणि त्यांच्या जागी शेंडे लावा. ते आता वितळणार नाहीत. व्हॅलिस्नेरियाचे धावरे फुटून पिल्लं आली असतील. चार-पाच पानं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका.

कापलेल्यातलं उरलेलं तलावात, नदीत, नाल्यात टाकू नका. जलपर्णीने पुण्यात मुळा-मुठेचं आणि मुंबईत पवई तलावाचं काय केलंय ते डोळ्यांसमोर आहे, आणि साल्व्हिनिया त्याच माळेचा मणी. आमच्याकडे सगळं कात्रण आणि सायफनचं पिवळट पाणी गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत जातं. शेजारच्या काकू पानं न्यायला येतात तेव्हा विचारतात, खत कुठलं घालता.